बसला म्हंते

शिशाचा जड एप्रन डोक्यावरून काढताना, तोंड अजून त्या निळ्या कापडात अडकलेलं असताना, भूपेंद्रच्या कानावर तो शब्द पडला. पलीकडच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि एक्सरे काढणारा परसराम फोनवर नागपूरच्या डॉक्टरांशी बोलत होता. "हो सर, काढला. ती खुब्याची मुलगी, सहा वर्षांची. हो सर, बसला आहे. हो हो, बसलाच आहे." मग नुसतं हं, हं, आणि फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज. भूपेंद्रनं एप्रन खुंटीला अडकवला. तो घसरून पडला. त्यानं वाकून उचलला आणि पुन्हा अडकवला. त्याची पोरगी गुड्डी टेबलावर पाय लोंबकळत सोडून बसली होती आणि हे थंडगार टेबल आपल्या घरी असतं तर उन्हाळ्यात किती मजा आली असती असं काहीतरी सांगत होती. परसराम बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नेहमीचाच, कशातच न गुंतलेला भाव होता. "का म्हणाले सर?" भूपेंद्रनं विचारलं. "मले सांगाची मनाई हाय भाऊ. फोटो सरच्या कम्प्युटरवर गेला. सर सहा वाजता येतीन, तेच सांगतीन." "पन तुमी आता फोनवर बोलून राहिले होते ना, बसला म्हणून." परसराम एकदम सावध झाला. "मी काई बोललो नाई, भाऊ. मागं एका बाईले सांगतलं तं तिनं इथंच आकांत केला, मंग सरनं मलेच झाडलं. तुमी पोरीले घेऊन जा, काई खाऊपिऊ घाला, सहाले या." आणि त्यानं पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

बाहेर नोव्हेंबरचं ऊन होतं, अंगाला न लागणारं. धानाची कापणी सगळीकडे एकदमच आल्यामुळे शनिवार असूनही गावात खेड्यातली माणसं कमीच होती. भूपेंद्र गुड्डीचं बोट धरून पायऱ्या उतरला आणि उतरता उतरताच त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला जे ऐकायचं होतं ते आपण ऐकलंय आणि तरी आपल्याला काहीच कळलेलं नाही. हाड बसलं म्हणजे जागेवर आलं. पण घर बसलं म्हणजे खचलं, आणि विहीर बसली म्हणजे बुजली, आणि धंदा बसला म्हणजे संपला. एकच शब्द, आणि तो दोन्ही दिशांना तोंड करून उभा. याची खरं तर त्याच्याइतकी सवय दुसऱ्या कुणाला नसेल. गेली दहाबारा वर्षं तो त्रिमूर्ती चौकाजवळच्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभा राहत होता. "बेरिंग बसलं, भाऊ," असं म्हणत गिऱ्हाईक आलं की तो हटकून विचारायचा, "बसलं मंजे बसवलं, का बसलं मंजे गेलं?" गिऱ्हाईक हसायचं, मालकही हसायचे, आणि मग खरा मामला कळायचा. लोखंडाच्या बाबतीत रोज विचारतो तो प्रश्न पोरीच्या हाडाच्या बाबतीत मात्र त्याच्या तोंडून निघाला नव्हता. विचारला असता तर परसरामनं उत्तर दिलं नसतं, हे खरं. पण आपण विचारलाच नाही, हेही खरं. त्याला इतका थकवा आला की क्षणभर तो बंद शटरला टेकून उभा राहिला.

आजचा फोटो साधा नव्हता. आजवर दर सहा महिन्यांनी निघत आलेले फोटो म्हणजे चाचणी परीक्षा, असं डॉक्टर म्हणायचे. पोर सहा वर्षांची पूर्ण झाली की मग खरा निकाल लावता येतो. हाडं तोवर पुरेशी वाढलेली असतात, कुठं काय जमलं आणि कुठं फसलं ते फोटोत नीट दिसतं. गुड्डीला सहा वर्षं दिवाळीआधीच पूर्ण झाली होती. डाव्या खुब्याचा सांधा जन्मापासूनच निसटलेला. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीत बसायचा तो वाटीबाहेर वर सरकलेला. पोर चालायला लागून झुलायला लागली तेव्हा कुठे घरच्यांच्या लक्षात आलं, आणि तेही आधी कुणाला खरं वाटेना. झुलते तर झुलते, काही पोरं झुलतातच. मग नागपूरला ऑपरेशन झालं. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी टोपी काढत सांगितलं होतं, "सांधा छान बसलाय." त्या वेळी तो शब्द कसा लख्ख होता. त्यानं ताबडतोब गावी अड्याळला आईला फोन लावला होता आणि फोनवरच रडला होता. पुढं नागपूरहून भंडाऱ्याला महिन्यातून एकदा येणाऱ्या या डॉक्टरांकडे दाखवायला सुरुवात केली तेव्हा यांनी फोटो उजेडावर धरला, पेन्सिलनं त्यावर एक आडवी आणि एक तिरपी रेघ मारली आणि शांतपणे सांगितलं, "सांधा बसलाय, ठीक. पण या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या फार बारीक असतात. ऑपरेशनमध्ये त्या दुखावल्या तर गोळा मऊ होतो आणि हळूहळू बसतो. चपटा होतो. तसं झालं तर पुन्हा हाड कापायची वेळ येऊ शकते. लक्ष ठेवू." तेव्हापासून तो लक्ष ठेवत होता. दुसरं काही करत नव्हता म्हटलं तरी चालेल.

त्यानं तिला पुढे चालू दिलं. हे तो नेहमी करायचा आणि आपण करतो हे त्याला ठाऊक नव्हतं, जोवर एकदा रीनानं ते बोलून दाखवलं नाही. रीना, त्याची बायको, तोंडानं फार बोलणारी नव्हे. पण त्या दिवशी बाजारातून घरी आल्यावर पिशवी खाली ठेवत म्हणाली होती, "तुमी तिच्यासंगं काहून नाई चालत? सदा मांगं. पोलिसावानी." तो मागे राहायचा कारण मागून दिसायचं. डावा पाय टेकला की कंबर उजवीकडे कलते का, खांदा पडतो का, पाऊल आत वळतं का. पोर शाळेच्या फाटकातून पळत आली की तिच्या चेहऱ्याआधी त्याला तिची कंबर दिसायची. एकदा ती असं पळत आली, त्याच्या पोटाला मिठी मारून काहीतरी मोठ्या आनंदाचं सांगितलं आणि घरी जाईपर्यंत त्याला ते काय होतं हे आठवेना. पुन्हा विचारायची लाज वाटली. बक्षीस होतं की नवी मैत्रीण, ते अजून त्याला माहीत नाही. आताही ती पुढे चालत होती, दुकानांच्या पायऱ्यांवर चढत, उतरत, आणि त्याला वाटत होतं की ती किंचित जास्त झुलतेय. सकाळी नव्हती झुलत. की होती? बसला हा शब्द कानात गेल्यावर डोळेही त्याच्याच बाजूनं साक्ष द्यायला लागतात की काय कोण जाणे.

खांबतलावाच्या काठावर बाकड्यावर त्यानं तिला बसवलं आणि समोरच्या गाडीवरून आलुबोंडे आणले. तिनं मिरची बाजूला काढून त्याच्या कागदावर ठेवली. पाण्यावर शेवाळ होतं आणि पलीकडे कुणीतरी मोटरसायकल धूत होतं. गुड्डी मंडईबद्दल बोलत होती. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते तशी अड्याळलाही भरणार होती, आणि आजी तिला बांगड्या घेऊन देणार होती, आणि रात्री नाटक असलं तर ती जागणार होती, झोपली तर उठवायचं. तो हूं हूं करत होता. त्याला चार वर्षांपूर्वीची मंडई आठवत होती. तेव्हा ती कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होती, दोन्ही पाय बेडकासारखे फाकवलेले, मध्ये लाकडी दांडी. आजोबांनी, म्हणजे मारोतरावांनी, तिला खाटेसकट अंगणात आणून ठेवलं होतं, म्हणजे मंडईला जाणारी येणारी माणसं तिला दिसतील. माणसं तिला पाहून जात होती. कुणी हळहळायचं, कुणी दांडी हातानं हलवून पाहायचं, आणि एकदोघांनी तर, पोरीच्या जातीला असे पाय फाकवून ठेवणं बरं दिसत नाही, वरून लुगडं टाका, असंही सुचवलं. रीना दिवसभर घरात होती, बाहेर आलीच नाही. आणि प्लास्टर काढायच्या दिवशी, ते गोल फिरणारं कापायचं यंत्र घोंघावायला लागलं आणि पोर किंचाळली, तेव्हा रीना कानावर हात ठेवून व्हरांड्यात पळाली आणि तिथंच खाली बसली. यंत्र फक्त प्लास्टर कापतं, कातडीला काही होत नाही, हे तिला आधी तीनदा सांगून झालं होतं. गाडीत ती म्हणाली, "यापुढं तुमीच नेत जा. माझ्यानं नाई होत." त्यानं हो म्हटलं. त्यात विशेष असं काही नव्हतं, कुणीतरी न्यायलाच हवं होतं. पण प्रत्येक खेपेला घरी परतताना दाराशी उभी राहून ती जे विचारायची, "का म्हणाले?" त्याला उत्तर देण्याचं कामही आपोआप त्याच्याच वाट्याला आलं. आणि आईला सांगण्याचं. आईला सांगणं सगळ्यात अवघड.

कारण आईनं, रत्नाबाईनं, त्या दुखण्याचं सगळं पाप आपल्या पदरात बांधून घेतलं होतं. गुड्डीचा जन्म अड्याळचा. बाळबाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला गोदावरीबाई यायची, आणि ती बाळाला तेल लावून झालं की जुन्या लुगड्याच्या पट्टीनं दोन्ही पाय जुळवून, ताणून, करकचून बांधायची. पाय सरळ राहतात म्हणे. गावातल्या सगळ्या पोरांचे पाय तिनंच बांधले होते, भूपेंद्रचेसुद्धा. पुढं डॉक्टरांनी बोलता बोलता विचारलं, "लहानपणी पाय बांधून ठेवत होते का?" तेव्हा आई शेजारीच होती. डॉक्टर लगेच म्हणाले होते की एवढ्यानंच झालं असं म्हणता येत नाही, काही मुलांत ते जन्मतःच असतं. पण आईनं पुढचं ऐकलंच नाही. गोदावरीबाईला तिनंच बोलावलं होतं, लुगडंही तिनंच फाडून दिलं होतं. त्या दिवसापासून ती गोदावरीबाईशी बोलत नाही, आणि या वर्षी धाकटा हेमराज झाला तेव्हा त्याच्या पायाला साधा धागा कुणाला बांधू दिला नाही. दर फोटोनंतर ती भूपेंद्रला फोन करून एकाच आवाजात विचारते आणि तो दर वेळी म्हणतो, "ठीक हाय." ठीक या शब्दानं तिचं समाधान होत नाही. तिला कधीतरी सुटका हवी आहे, आणि सुटका देणारा शब्द त्याच्याकडे नाही. धाकट्याला घेऊन रीना आठवडाभर अड्याळलाच होती, कापणीच्या मजुरांचा स्वयंपाक असतो म्हणून. म्हणजे आज दोघी एकाच घरात, एकाच फोनकडे बघत असणार.

फोन वाजलाच. "का रे भुपेन, झाला का फोटू?"

"झाला. डाक्टर सहा वाजता येते."

"मंग तो फोटूवाला काई बोलला असन ना. त्याले दिसते सारं. का म्हणे तो?"

मागून धान्य पाखडल्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी कुत्र्याला हाकलत होतं. भूपेंद्रच्या हातात आलुबोंड्याचा तेलकट कागद होता. काही बोलला नाही म्हणावं, असं त्यानं ठरवलं होतं, आणि तेच त्याच्या जिभेवरही होतं. पण त्याला एकाएकी ते सगळं नकोसं झालं. काही बोलला नाही म्हटलं की, मंग तू काहून नाई विचारलं, मग परवा स्वप्नात काय दिसलं, मग डॉक्टर कुठवर आले. सहा वाजायला अजून किती वेळ होता. तो म्हणाला, "बसला म्हंते."

"बसला?"

"हो."

"बसला म्हंते!" आई ओरडली, त्याच्याशी नव्हे, अंगणाकडे तोंड करून. "अवं रीना! गुड्डीचा सांधा बसला म्हंते वं! अवो, आयकलं का, बसला म्हंते!" मग फोनवर नुसते आवाज, भांडं पडल्याचा, मारोतरावांच्या खोकल्याचा, आणि आईच्या हुंदक्याचा. मग कुणीतरी फोन बंद केला.

तो खोटं बोलला नव्हता. परसराम जे म्हणाला तेच त्यानं सांगितलं होतं, अक्षरन् अक्षर. आईनं त्यातलं जे हवं ते घेतलं, याला तो काय करणार. त्यानं कागद चुरगाळला, बाकड्याला मान टेकली, आणि त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. हे बरं वाटणं फसवं आहे हेही त्याला कळत होतं आणि कळूनही ते कमी होत नव्हतं. तो शब्द त्याच्याकडे होता तोवर काट्यासारखा टोचत होता, आता तो अड्याळच्या अंगणात होता, आणि तिथं त्याचा सण झाला होता. आई आता साखरेची वाटी घेऊन घरोघर निघाली असेल. कदाचित गोदावरीबाईच्याही दारात उभी राहील. राहू दे. सहा वाजेपर्यंत तरी राहू दे. रीनाचा फोन आला नाही. आनंदानं काही सुचत नसेल तिला, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि ते त्याला सहज पटलं.

"पप्पा, बसला मंजे का?" गुड्डीनं विचारलं.

"मंजे तुझ्या पायाचा गोळा. तो जागेवर बसला."

"मांडी घालून?"

त्याला हसू आलं. "हो. मांडी घालून."

"मले तं मांडी घालता येत नाई नीट. मॅडम म्हंते, तू पाय लांब करून बस. मग सगळे म्हंतेत, आम्हालेपन लांब करू द्या." ती यावर थोडा वेळ विचार करत राहिली. मग तिनं सांगितलं की शाळेच्या संमेलनात ती झाड होणार आहे. झाडाला नाचावं लागत नाही, फक्त हात हलवावे लागतात, पण हात सगळ्यांत जास्त वेळ वर ठेवावे लागतात आणि ते तिच्याशिवाय कुणाला जमत नाही. राणी होणाऱ्या मुलीलाही नाही. तिनं उभं राहून हात वर करून दाखवले. तो बघत राहिला. तिच्या कोपरावर खरचटल्याचा जुना डाग होता आणि वरचा एक दात हलत होता, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. दात हलतोय हे कुणी त्याला सांगितलंही नव्हतं. किंवा सांगितलं असेल. मग ती त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि तोही बसल्या बसल्या पेंगला. जाग आली तेव्हा ऊन पाण्यावरून सरकून पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं, आणि छातीत परत ती जुनी ओढ सुरू झाली होती.

डॉक्टर सहाच्या ठोक्याला कधीच आले नव्हते, तसे आजही नाही. त्यांच्यासमोर बसेपर्यंत बाहेर दिवे लागले होते. त्यांनी कम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. काळ्यावर पांढरं, गुड्डीची कंबर. इतक्या वर्षांत भूपेंद्रलाही थोडं वाचता यायला लागलं होतं, पण उजवी बाजू वाचता यायची, डावी नाही. उजवा गोळा म्हणजे गोल, गुळगुळीत, वाटीच्या छपराखाली नीट दडलेला. डावा तिथंच होता, छपराखालीच, पण त्याच्या माथ्यावर कुणी तळहात दाबून धरल्यासारखा सपाटपणा होता. डॉक्टरांनी माउसनं एक आडवी रेघ ओढली, एक उभी, एक तिरपी, आणि कोनाचा आकडा वाचला. मग गुड्डीला कॉटवर झोपवून तिचा पाय गुडघ्यात वाकवला, आत फिरवला, बाहेर फिरवला, दुखतं का म्हणून विचारलं, आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिला चालवलं. ती झाडासारखे हात वर करून चालली. डॉक्टर हसले. भूपेंद्रला हसता आलं नाही.

"सर, एक सांगा. बसला का?"

"काय बसला का?"

"तेच विचारून राहिलो, सर. दुपारी इथं कोनीतरी बोललं, बसला म्हणून. मले समजलं नाई, कोनता बसला. चांगला का वाईट."

डॉक्टरांनी चष्मा काढला. ते दिवसभराचे दमलेले होते, हे त्याला प्रथमच दिसलं. "दोन्ही," ते म्हणाले. "सांधा बसलाय. जागेवर आहे, वाटीही बऱ्यापैकी खोल झालीय, हे फार चांगलं झालं. आणि गोळाही बसलाय. वरचा भाग चपटा झालाय, पूर्ण नाही, पण झालाय. आम्ही याला वर्ग देतो. पहिला म्हणजे उत्तम. ही दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये कुठेतरी."

"मंग ऑपरेशन?"

"आज गरज नाही. दुखत नाही, पाय फिरतोय, चालतेय. उगाच हात लावायचा नाही. वर्षातून एक फोटो."

"कवापर्यंत?"

"वाढ पूर्ण होईपर्यंत. चौदा, पंधरा. त्यात केव्हा बिघडेल, बिघडेलच का, हे मी आज सांगू शकत नाही. तुम्ही निकाल निकाल म्हणता, पण हा पास-नापासचा निकाल नसतो हो." आणि ते जरा थांबून म्हणाले, "वाईट झालेलं नाहीये. एवढं घरी सांगा."

बसस्थानकावर अड्याळकडे जाणारी गाडी लागायची होती. गुड्डी बाकावर त्याला टेकून पुन्हा झोपली. त्याला दुःख झालं नव्हतं आणि आनंदही झाला नव्हता. एखादा हिशोब मिटेल म्हणून वर्षानुवर्षं सांभाळावा आणि अखेरीस पान उलटून पुढं चालू ठेवा म्हणून सांगावं, तसं झालं होतं. आणि अड्याळला साखर वाटून झाली होती. आईला आता काय सांगायचं? तिच्या हातातून तो शब्द परत कसा काढून घ्यायचा? पण आधी रीना. त्यानं फोन लावला. एक पूर्ण घंटीही वाजली नाही.

"हं, बोला."

"डाक्टर भेटले."

"हं."

"तुले आईनं दुपारी सांगतलं ना..."

"सांगतलं. बसला म्हंते म्हणून सांगतलं." तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी विचारलं, कोनता बसला? चांगला का वाईट? आई म्हंते, बसला मंजे बसला, तुले अजून का पायजे. अन् निंघाली साखर घेऊन. मी फोन हातात घेतला, लावला नाई. म्हटलं, त्यायले खरंच मालूम असतं तं त्यायनं मलेच लावला असता. तुमाले मालूमच नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मंग काहून सांगतलं?"

थकलो होतो, असं सांगता आलं असतं. पण ते तिला कसं सांगायचं? दुपारभर तो तलावाकाठी पेंगत होता आणि त्याच दुपारी ती चुलीपुढे मजुरांचा भात शिजवत, मागं गाव हसत असताना, एकटी बसली होती. आपण उतरवलेलं ओझं हवेत विरत नाही, कुणाच्या तरी डोक्यावर जातं, एवढी साधी गोष्ट त्याला सुचली नव्हती. त्याला तिची फार कीव आली, आणि स्वतःचा राग. "चुकलो, रीना," तो म्हणाला.

"डाळ करपली माझी," ती म्हणाली आणि मग तिचा आवाज फुटला. पलीकडे हेमराज कुरकुरला, तिनं त्याला थोपटल्याचं ऐकू आलं. "आता सांगा. पूरं सांगा. एकबी गोष्ट सोडू नका."

त्यानं सगळं सांगितलं. सांधा जागेवर आहे ते, छप्पर खोल झालं ते, गोळा चपटा झाला ते, दुसरा वर्ग आणि तिसरा वर्ग, आज ऑपरेशन नाही आणि उद्याचं माहीत नाही. सांगताना त्यानं बसला हा शब्द एकदाही वापरला नाही. ती मध्ये मध्ये हं म्हणत होती.

"अन् आई?" तिनं विचारलं. "गोदावरीबाईच्या घरी जाऊन आली. चाय पेऊन आली तिथं."

"आईले मी सांगन. समोर बसून. फोनवर नाई."

"हं." मग ती म्हणाली, "पुढच्या बारीले मी नेते तिले. तुमी ऱ्हा घरी."

हेच ऐकायची तो इतकी वर्षं वाट पाहत होता. आता ते ऐकलं आणि त्याला दिसलं की आपण दुकानात काउंटरवर उभे आहोत, समोर गिऱ्हाईक काहीतरी मागतंय, हातातल्या फोनकडे आपण बघतोय आणि तो वाजत नाहीये. आजवर प्रत्येक खेपेला ती अशीच फोनची वाट पाहत आली होती, आणि तो समजत होता की तिच्यानं होत नाही.

"नाई," तो म्हणाला. "दोघंही जाऊ."

"अन् हेमराज?"

"त्यालेबी नेऊ. बाहेर एकजन धरन, एकजन आत जाईन. मंग बदलू."

गाडी फलाटाला लागली होती, लोक दाराशी दाटी करत होते, आणि तो फोन मान आणि खांद्यात दाबून एका हातानं पिशवी आणि दुसऱ्या हातानं पोरगी सावरायच्या खटपटीत होता. "गाडी लागली का?" तिनं विचारलं. तो हो म्हणाला. "झोपली असन ती," रीना म्हणाली. "उठवू नका तिले. उचलूनच घ्या."